गाडी हळू सुटते, पण वेग हळू वाढत नाही : बदलत्या त्वरणातून वेग कसा काढायचा?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे 'गतीचे नियम'. त्यातलं एक सूत्र मुलांना पाठ असतं : व्ही = यू + एटी. शेवटचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ. परीक्षेत आकडे टाकले की उत्तर येतं, मार्क मिळतात.

दोन वर्षांनी हीच मुलं अकरावी सायन्सला जातात. तिथे प्रश्नात त्वरण एक आकडा म्हणून येत नाही, ते वेळेनुसार बदलत असतं. मूल जुन्याच सवयीने तेच सूत्र लावतं आणि उत्तर चुकतं. एकदा चुकतं, दोनदा चुकतं, मग घरी येऊन म्हणतं, "अम्मी, फिजिक्स माझ्या बसकी बात नहीं." अम्मी-अब्बूंना वाटतं, क्लास बदलायला हवा, नाहीतर सायन्सच सोडायला हवं. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी हुशार मुलं-मुली अशाच छोट्या कारणाने मागे हटतात. प्रत्यक्षात त्या सूत्राची एक अट त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेली नसते, बस इतकंच.

ती अट आणि तिच्या पुढचा रस्ता आज समजून घेऊ. उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. ठाणे ते कल्याण रोज धावणारी आपली लोकल पुरेशी आहे. आणि हा हिशेब फक्त मार्कांसाठी नाही, हेही पुढे कळेल. प्लॅटफॉर्मवरून सुटलेल्या गाडीमागे धावणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

आधी शब्द पक्के करू

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांची अर्धी अडचण शब्दांची असते. मराठीत आपण चाल, वेग आणि त्वरण म्हणतो. उर्दूत चाल, रफ्तार आणि इसराअ. कॉलेजात गेलं की तेच स्पीड, व्हेलॉसिटी आणि अ‍ॅक्सिलरेशन होतात. गोष्टी त्याच आहेत, फक्त कपडे बदलले आहेत.

वेग म्हणजे किती जलद आणि कोणत्या दिशेने. त्वरण म्हणजे तो वेग दर सेकंदाला किती बदलतो. वेग मीटर प्रति सेकंदात मोजतात, म्हणजे मी/से. त्वरण मी/से² मध्ये मोजतात. त्वरण ०.६ मी/से² आहे याचा अर्थ, दर सेकंदाला वेगात ०.६ मी/से ची भर पडते. मी/से मधल्या वेगाला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या शरीराला वेग जाणवत नाही, त्वरण जाणवतं. गाडी सरळ रुळावर एकाच वेगाने चालली असेल आणि डोळे मिटून बसलात, तर ती ताशी ४० ने चालली आहे की ८० ने, हे अंगाला कळत नाही. गाडी सुटताना किंवा ब्रेक लागताना मात्र लगेच कळतं. पाठ मागे टेकते किंवा अंग पुढे झुकतं. म्हणून धक्का कमी झाला म्हणजे वेग कमी झाला, असा समज करून घेऊ नये. ती दोन वेगळी मापं आहेत.

सूत्राची अट काय?

व्ही = यू + एटी हे सूत्र खरं आहे, पण त्वरण पूर्ण वेळ एकच राहिलं तरच. पगार दर महिन्याला सारखा असेल, तर वर्षाची कमाई काढायला महिन्याचा पगार गुणिले बारा चालतं. पण रिक्षावाल्या भाईंची कमाई रोज वेगळी असते. एका दिवसाची कमाई घेऊन तिला तीनशे पासष्टने गुणलं तर वर्षाचा हिशेब चुकणारच. तिथे रोजची कमाई मांडून बेरीज करावी लागते. त्वरणाचंही तसंच आहे. ते बदलत असेल तर गुणाकार सोडा, बेरीज करा. आजच्या धड्याचा गाभा एवढाच आहे. बाकी सगळी ती बेरीज कशी करायची याची रीत आहे.

लोकलचं त्वरण का बदलतं?

मुंबई ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. तेव्हा वाफेची इंजिनं होती. विजेवरची गाडी मुंबईत आली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. आज ठाणे ते कल्याण साधारण २० किलोमीटरच्या पट्ट्यात कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली अशी सहा स्टेशनं मध्ये आहेत. स्लो लोकलला दर दोन-चार किलोमीटरवर थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा थांबायचं. म्हणजे या गाडीच्या प्रवासात एकसारखा वेग थोडाच वेळ असतो. बराच वेळ वेग वाढत तरी असतो किंवा कमी तरी होत असतो.

सुटताना गाडी एकदम पूर्ण जोर लावत नाही. तसं केलं तर उभे प्रवासी एकमेकांवर पडतील. म्हणून त्वरण शून्यापासून हळूहळू वाढवलं जातं. मग काही वेळ ते जवळजवळ एकसारखं राहतं. वेग वाढत गेला की मात्र त्वरण कमी होऊ लागतं. का? मोटरची शक्ती ठरलेली असते, आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. शक्ती तेवढीच राहून वेग वाढला, तर बल कमी होणार. त्यात हवेचा विरोधही वेगाबरोबर वाढतो. म्हणून गाडी जसजशी पळते, तसतशी तिची आणखी वेग घेण्याची ताकद कमी होत जाते.

म्हणजे एकाच सुटण्यात तीन टप्पे झाले : त्वरण चढतं, स्थिर राहतं, उतरतं. आता आकडे घेऊ. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे असतील.

पहिला टप्पा : ० ते ३ सेकंद. त्वरण ० पासून ०.६ मी/से² पर्यंत सरळ रेषेत वाढतं.
दुसरा टप्पा : ३ ते १५ सेकंद. त्वरण ०.६ मी/से² वर स्थिर.
तिसरा टप्पा : १५ ते ६५ सेकंद. त्वरण ०.६ पासून ० पर्यंत सरळ रेषेत उतरतं.

गाडी थांबलेली होती, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. प्रश्न : ६५ सेकंदांनी वेग किती?

आलेख काढा, क्षेत्रफळ मोजा

वहीत आडव्या रेषेवर वेळ घ्या, उभ्या रेषेवर त्वरण. वरचे तीन टप्पे काढले की एक आकृती तयार होते : डावीकडे छोटा त्रिकोण, मध्ये आयत, उजवीकडे लांब उतरता त्रिकोण. या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजेच वेगात झालेला बदल.

हे का? आकृतीची बारीक उभी पट्टी कल्पना करा. तिची उंची म्हणजे त्या क्षणाचं त्वरण, रुंदी म्हणजे अगदी थोडा वेळ. एवढ्या थोड्या वेळात त्वरण बदलायला फुरसत नसते. म्हणून तिथे आपलं जुनं सूत्र चालतं : त्वरण गुणिले वेळ म्हणजे तेवढ्यात वाढलेला वेग. उंची गुणिले रुंदी म्हणजे पट्टीचं क्षेत्रफळही तेच. सगळ्या पट्ट्या जोडल्या की पूर्ण क्षेत्रफळ, आणि तोच वेगातला पूर्ण बदल. बघा, जुनं सूत्र टाकून दिलं नाही. फक्त ते जिथे लागू पडतं तेवढ्याच छोट्या तुकड्यावर वापरलं आणि तुकडे जोडले.

आता मोजू.

पहिला त्रिकोण : अर्धा × ३ × ०.६ = ०.९ मी/से.
आयत : १२ × ०.६ = ७.२ मी/से.
दुसरा त्रिकोण : अर्धा × ५० × ०.६ = १५ मी/से.
एकूण : ०.९ + ७.२ + १५ = २३.१ मी/से.

२३.१ ला ३.६ ने गुणलं की ताशी सुमारे ८३ किलोमीटर. लोकलला शोभणारं उत्तर आहे.

आता चुकीच्या वाटा पाहू, कारण परीक्षेत मुलं याच वाटांनी जातात.

एक : सर्वांत मोठं त्वरण घेऊन ०.६ × ६५ = ३९ मी/से. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वेगाने आपली लोकल धावत नाही.

दोन : शेवटचं त्वरण घेऊन ० × ६५ = ०. म्हणजे गाडी थांबलेली! खरं तर त्या क्षणी ती सर्वांत जास्त वेगात आहे.

तीन : सर्वांत कमी ० आणि सर्वांत जास्त ०.६ यांची सरासरी ०.३, गुणिले ६५ = १९.५ मी/से, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. हे उत्तर दिसायला बरोबर वाटतं, म्हणूनच जास्त फसवं. दोन टोकांची सरासरी फक्त तेव्हा चालते, जेव्हा त्वरणाची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सरळ रेषा असते. मध्ये वळली की सरासरी गेली.

दुसरी चूक विशेष लक्षात ठेवा. त्वरण शून्य म्हणजे वेग शून्य नाही. त्वरण कमी होत असताना वेग वाढतच असतो, फक्त वाढण्याचा दर मंदावतो. महागाईचा दर कमी झाला म्हणून बाजारात भाजी स्वस्त होत नाही, महाग होण्याची गती कमी होते. तसंच हे.

इंटिग्रेशन म्हणजे तीच बेरीज

आकृती त्रिकोण-आयतांची असेल तर सातवी-आठवीचं गणित पुरतं. रेषा वाकडी असेल तर? तिथे इंटिग्रेशन, म्हणजे मराठीत संकलन, कामाला येतं. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात गतीच्या धड्याआधी गणिती पद्धतींचा वेगळा धडा दिलेला आहे, तो याचसाठी. बरीच मुलं तो धडा वगळून पुढे जातात आणि मग गतीच्या धड्यात अडकतात. तो आधी करा.

आपल्या पहिल्या टप्प्यात त्वरण ए = ०.२ टी असं लिहिता येईल. टी म्हणजे सुटल्यापासूनचे सेकंद. इंटिग्रेशनचा साधा नियम असा की टी च्या जागी टी² भागिले २ येतं. म्हणून व्ही = ०.१ टी². टी = ३ ठेवा : ०.१ × ९ = ०.९. त्रिकोणाच्या क्षेत्रफळातूनही हेच आलं होतं.

तिसऱ्या टप्प्यात घड्याळ १५ व्या सेकंदापासून नव्याने सुरू करू. तिथून मोजलेल्या वेळेला टी म्हणू. त्वरण ए = ०.६ − ०.०१२ टी. टप्प्याच्या सुरुवातीला वेग ०.९ + ७.२ = ८.१ मी/से होताच. म्हणून व्ही = ८.१ + ०.६ टी − ०.००६ टी². टी = ५० ठेवा : ८.१ + ३० − १५ = २३.१. पुन्हा तेच उत्तर.

आता टी = २५ ठेवून पाहा, म्हणजे या टप्प्याचा अर्धा वेळ : ८.१ + १५ − ३.७५ = १९.३५ मी/से. या टप्प्यात एकूण १५ ची वाढ व्हायची होती, त्यातली ११.२५ अर्ध्या वेळातच झाली. तीन चतुर्थांश काम पहिल्या निम्म्या वेळात, उरलेलं एक चतुर्थांश दुसऱ्या निम्म्यात. उतरत्या त्वरणाचा हा स्वभाव आहे.

सुरुवातीचा वेग विसरू नका

वर ८.१ कुठून आला, ते पाहिलंत का? हा आकडा विसरणं ही सर्वांत जास्त मार्क घालवणारी चूक आहे. आलेखाखालचं क्षेत्रफळ वेग सांगत नाही, वेगातला बदल सांगतं. आधी किती होता ते प्रश्नातून घ्यावं लागतं. इंटिग्रेशन करताना शेवटी जो 'अधिक सी' लिहायला सर-मॅडम सांगतात, तो सी म्हणजे इथे सुरुवातीचा वेगच आहे. पुष्कळ मुलं तो सवयीने लिहितात किंवा सवयीने विसरतात, पण तो कशासाठी आहे हे विचारत नाहीत.

समजा, एक फास्ट लोकल कळव्याला न थांबता १५ मी/से वेगाने निघाली आणि दुसरी गाडी तिथूनच थांबलेल्या स्थितीतून सुटली. दोघींचा त्वरणाचा आलेख हुबेहूब सारखा असला आणि क्षेत्रफळ ६ मी/से आलं, तर पहिलीचा वेग २१ होईल आणि दुसरीचा ६. आलेख एकच, उत्तरं दोन.

ब्रेकचंही इथेच सांगून टाकू. ब्रेक लागला की त्वरण उणे होतं आणि आलेख आडव्या रेषेच्या खाली जातो. रेषेखालचं क्षेत्रफळ वजा करायचं. २३.१ मी/से वेगाने येणारी गाडी डोंबिवलीला थांबायची असेल, तर रेषेखाली बरोबर २३.१ एवढं क्षेत्रफळ व्हायला हवं. ब्रेक जोरात लागला तर ते लवकर भरतं, हळू लागला तर वेळ लागतो. भरावं मात्र तेवढंच लागतं.

सूत्र नसेल, फक्त आकडे असतील तर?

खऱ्या आयुष्यात त्वरणाचं सूत्र कोणी हातात देत नाही, नोंदी मिळतात. तुमच्या खिशातल्या स्मार्टफोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' नावाचं मोफत अ‍ॅप त्याच्या नोंदी दाखवतं. समजा, दर दोन सेकंदांनी अशा नोंदी मिळाल्या :

० सेकंद : ०.०
२ सेकंद : ०.४
४ सेकंद : ०.६
६ सेकंद : ०.६
८ सेकंद : ०.५
१० सेकंद : ०.४

प्रत्येक दोन सेकंदांच्या तुकड्यासाठी दोन टोकांची सरासरी काढा : ०.२, ०.५, ०.६, ०.५५, ०.४५. बेरीज २.३. प्रत्येक तुकडा दोन सेकंदांचा, म्हणून २.३ × २ = ४.६ मी/से. ताशी सुमारे साडेसोळा किलोमीटर. इथे सरासरी का चालली? कारण तुकडा छोटा आहे आणि तेवढ्यात रेषा जवळजवळ सरळ मानता येते.

प्रत्येक तुकड्याची फक्त डावीकडची नोंद घेतली असती तर उत्तर ४.२ आलं असतं, फक्त उजवीकडची घेतली तर ५.०. आपलं ४.६ दोघांच्या मध्ये आहे. तुकडे जितके बारीक कराल, तितकी ही दोन उत्तरं एकमेकांच्या जवळ येतात, आणि शेवटी जिथे मिळतात ते खरं उत्तर.

ही दोन बाजूंनी कोंडीत पकडण्याची युक्ती जुनी आहे. साधारण इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे काहिरात काम केलेले इब्न अल-हैसम यांनी एका वक्र आकाराच्या घनाचं घनफळ असंच काढलं. घनाचे पातळ काप कल्पिले आणि त्यांची बेरीज कमी आणि जास्त अशा दोन अंदाजांमध्ये पकडली. सतराव्या शतकात न्यूटन आणि लाइबनिझ यांनी अशा बेरजांची सर्वांसाठी चालेल अशी रीत तयार केली. म्हणून आपल्या मुलांनी इंटिग्रेशनकडे परकी, डोंगराएवढी गोष्ट म्हणून पाहू नये. बारीक तुकडे करून नीट बेरीज करणं, एवढाच त्याचा मतलब आहे.

फोनने प्रयोग करायचा असेल तर दोन सूचना. पहिली, सीटवर बसून, फोन मांडीवर स्थिर ठेवून करा. दाराजवळ अजिबात नाही. दुसरी, उत्तरावर आंधळा भरवसा ठेवू नका. सेन्सर नेहमी ०.०५ मी/से² ने जास्त दाखवत असेल, तर ६० सेकंदांत ती चूक साठून ०.०५ × ६० = ३ मी/से होते, म्हणजे ताशी जवळपास ११ किलोमीटर. बेरजेत खऱ्या वाढीबरोबर चूकही जमा होत जाते.

आता प्लॅटफॉर्मवर या

पहिल्या टप्प्याचं सूत्र पुन्हा पाहा : व्ही = ०.१ टी². वेग टी च्या वर्गाने वाढतो. पहिल्या सेकंदाला ०.१ मी/से, दुसऱ्याला ०.४, तिसऱ्याला ०.९. म्हणजे वेळ तिप्पट, वेग नऊपट. पुढचे आकडे असे :

३ सेकंदांनी : ताशी सुमारे ३ किलोमीटर. रमतगमत चालण्याचा वेग.
५ सेकंदांनी : २.१ मी/से, ताशी साडेसात. हळू धावण्याचा वेग.
८ सेकंदांनी : ३.९ मी/से, ताशी १४. चांगलं जोरात धावावं लागेल.
१० सेकंदांनी : ५.१ मी/से, ताशी १८ पेक्षा जास्त. खांद्यावर बॅग आणि समोर गर्दी असताना हे जमत नाही.

आणि या दहा सेकंदांत गाडी किती पुढे सरकते? वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा : पहिल्या तीन सेकंदांत ०.९ मीटर, पुढच्या सात सेकंदांत ६.३ + १४.७ = २१ मीटर. एकूण जेमतेम २२ मीटर, म्हणजे जवळपास एका डब्याची लांबी.

धोका इथेच आहे. जिन्यावरून उतरणारा मुलगा गाडी सुटताना पाहतो. त्या क्षणी ती रांगत असते. त्याचं मन म्हणतं, "अभी तो पकड लूंगा." त्याने अंदाज पहिल्या दोन सेकंदांच्या वेगावरून केला, पण दाराजवळ पोहोचेपर्यंत सात-आठ सेकंद गेले. गाडी एक डबाही पुढे सरकलेली नाही, म्हणून डोळ्याला ती अजून 'इथेच' वाटते. वेग मात्र त्याने पाहिला होता त्याच्या कितीतरी पट झालेला आहे. दुसऱ्या सेकंदाचा ०.४ आणि आठव्याचा ३.९ : जवळजवळ दहापट. हात दांडीला लागतो, पाय प्लॅटफॉर्मवर असतात आणि दोघांच्या वेगात मोठा फरक पडतो. धडधाकट, चपळ पोरंही तिथेच ओढली जातात.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला, हे आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्या घटनेचा हिशेब आजच्या सूत्राने होत नाही. एक तर ते धावून गाडी पकडणारे नव्हते. दाराशी लटकणारा माणूस बहुतेक वेळा हौसेने लटकत नाही, आत जागा नसते म्हणून लटकतो. त्याचं उत्तर जास्त गाड्या आणि चांगली व्यवस्था हेच आहे, आणि ते मागत राहणं आपला हक्क आहे. दुसरं म्हणजे आज आपण फक्त सरळ रेषेतली गती पाहिली. वळणावर गाडीचा वेग एकसारखा असला तरी दिशा बदलते, म्हणून आडवं त्वरण असतं आणि दारातल्या माणसाचं शरीर बाहेर झुकू पाहतं. तो वेगळा धडा आहे.

पण सुटलेल्या गाडीमागे धावायचं की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींना "धावू नकोस" एवढंच सांगितलं तर ते ऐकून सोडून देतात. त्यांना हा हिशेब वहीत करायला लावा. स्वतःच्या हाताने काढलेला ३.९ हा आकडा कदाचित जास्त काळ लक्षात राहील.

घरी सोडवून पाहा

एक रिक्षा २ मी/से वेगाने सरळ रस्त्यावर चालली आहे. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि मग हळूहळू सोडत ब्रेकवर आला. त्वरण असं आहे : ए = १.२ − ०.३ टी. पहिला प्रश्न : २, ४ आणि ६ सेकंदांनी वेग किती? दुसरा प्रश्न : वेग सर्वांत जास्त कधी?

आधी स्वतः करा, मग पुढे वाचा.

व्ही = २ + १.२ टी − ०.१५ टी². टी = २ ला ३.८ मी/से, टी = ४ ला ४.४ मी/से, टी = ६ ला पुन्हा ३.८ मी/से. त्वरण ४ सेकंदांना शून्य होतं आणि वेग तिथेच सर्वांत जास्त असतो. त्यानंतर त्वरण उणे, म्हणून वेग उतरतो. ज्यांनी सुरुवातीचे २ मी/से विसरले, त्यांना १.८, २.४ आणि १.८ मिळालं असेल. रीत बरोबर, मार्क गेले.

एमएचटी-सीईटी, जेईई किंवा नीटची तयारी करणाऱ्यांनी अशा प्रत्येक प्रश्नात तीन गोष्टी क्रमाने विचाराव्यात. त्वरण स्थिर आहे की बदलतं? बदलत असेल तर ते वेळेवर अवलंबून आहे का? वेळेवर असेल तर आजची रीत थेट चालते. वेगावर किंवा अंतरावर अवलंबून असेल तर मांडणी वेगळी करावी लागते, घाई करू नका. आणि तिसरं, सुरुवातीचा वेग किती?

पालकांसाठी एक शब्द. तुम्ही स्वतः फिजिक्स शिकला नसाल तरी हरकत नाही. रात्री जेवताना मुलाला किंवा मुलीला इतकंच विचारा : "त्वरणाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काय सांगतं?" उत्तर "वेग" असं आलं तर म्हणा, "पुन्हा विचार कर." उत्तर "वेगातला बदल" असं आलं, तर समजा की धडा डोक्यात शिरला आहे.